चार-सतराची गैरहजेरी

१

पान फाडलेलं नव्हतं, कापलेलं होतं.

टिपणकाकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि पुन्हा लावला. काही फरक पडला नाही. इतिवृत्ताच्या वहीत शिलाईला लागून ब्लेडची सरळ रेघ होती आणि शनिवारची सभा तिथून नाहीशी झाली होती.

काका स्वतःवर चटकन विश्वास ठेवणाऱ्यांतले नव्हते. चाळीस वर्षं ग्रंथालयात काढली, तरी घराला कुलूप लावल्यावर दोनदा मागे येऊन ते ओढून पाहायचे. त्यामुळे पहिला विचार आला तो हाच, की आपण शनिवारचं लिहिलंच नसेल. पण लिहिताना शाईचा ठिपका पडला होता, तो टिपकागदावर अजून दिसत होता. म्हणजे लिहिलं होतं.

मग त्यांच्या लक्षात आलं की एक नाही, दोन पानं गेली आहेत. लिहिलेलं एक, आणि त्याच्या खालचं कोरं.

कोरं पान कुणी कशाला नेईल? कारण एकच. काका फार दाबून लिहीत आणि वरची अक्षरं खाली उमटत. हे क्लबात सगळ्यांना ठाऊक होतं. दुकानदार म्हणायचा, "काका लिहीत नाहीत, कोरतात." अध्यक्षबाई टेबलावर काच घाला म्हणून मागे लागल्या होत्या. डॉक्टर काकांचा अंगठा चोळून देत आणि रागे भरत. पान नेणारा परका नव्हता. तो काकांच्या शेजारी बसणारा कुणीतरी होता.

शनिवारी परदेशातल्या जोडीदार क्लबाबरोबर व्हिडिओवर सभा झाली होती. दोन क्लब मिळून लांबच्या शाळांना टॅब देत होते. एका शाळेला दिले होते, आणखी अकरांना द्यायचे होते. त्याच दुपारी टेकडीवरच्या पहिल्या शाळेत, गच्चीवर इंटरनेटची छत्री घट्ट करायला चढलेला क्लबाचा वायरमन खाली पडून मेला. पाय घसरला, असं सगळे म्हणाले. काकाही म्हणाले. पण तीन रात्री त्यांचा डोळा लागला नव्हता, कारण गुरुवारी वायरमन त्यांच्याकडे आला होता.

"काका, शनिवारी ऐनवेळच्या विषयात मला पाच मिनिटं द्या. बॅटऱ्यांबद्दल बोलायचंय. परदेशातल्या क्लबाच्या बाईंच्या समोरच, शाळेतून बोलायचंय."

काकांचा स्वभाव असा, की ऐनवेळचा विषयसुद्धा आदल्या दिवशी छापायचा. त्यांनी तो विषयपत्रिकेत घातला आणि पत्रिका सगळ्यांना पाठवली. विषय क्रमांक नऊ, टॅबच्या बॅटऱ्यांबाबत, बोलणार वायरमन, टेकडीच्या शाळेतून. ग्रुपवर सगळे हसले. शनिवारी साडेचारला विषय नऊ आला, तेव्हा बोलणारा जगात उरला होता की नाही कोण जाणे.

'मी छापलं नसतं तर?' काका स्वतःला विचारत होते, तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला आणि ते खुर्चीतून उडालेच.

"काका," दुकानदाराचा आवाज होता. खाली दाबलेला. "वही उघडलीत का हो?"

२

दुकानदाराच्या दुकानात खोक्यांतून वाट काढत आत जावं लागे. टॅब त्यानेच मागवून दिले होते. एरवी तोंडाचा पट्टा चालू ठेवणारा हा माणूस आज दारावर नजर ठेवून बोलत होता.

"पान मी नाही कापलं. आधीच सांगतो."

"मी कुठं म्हणालो तुम्ही कापलंत?"

"तुमचा चेहरा म्हणतोय ना! काल सकाळी मी कचेरीत गेलो होतो. चावी आपल्या चौघांकडेच, तुमच्याकडे, अध्यक्षबाईंकडे, डॉक्टरांकडे आणि माझ्याकडे. विषय नऊबद्दल तुम्ही काय लिहिलंय ते बघायचं होतं. पान तेव्हाच गेलेलं."

"तुम्हाला का बघायचं होतं?"

दुकानदाराने घाम पुसला. "टॅब माझ्या हातून गेलेत, काका. वायरमननं मला दाखवलं होतं. चार्जिंगला लावले की काहींच्या पाठी फुगतात. चपाती फुगावी तशा. मी लगेच वर कळवलं."

"वर म्हणजे कुणाला?"

दारात गिऱ्हाईक आलं. दुकानदार त्याला कव्हर दाखवायला धावला. परत आला तो मान हलवतच.

"मला बायकामुलं आहेत. मी शब्द बोलणार नाही."

"आणि उरलेले टॅब? दोनशे चाळीस?"

"मुलींच्या वसतिगृहात पोचलेत. उद्या पाहुण्यांसमोर वाटप. अध्यक्षबाई आज संध्याकाळी सहाला सगळे एकदम चार्जिंगला लावणार आहेत, खालच्या हॉलमध्ये."

"आणि मुली?"

"मुली वरच्या मजल्यावर झोपतात." तो काकांकडे न बघता म्हणाला. "लाकडी मजला आहे."

काका उठले. दाराशी पोचले तेव्हा दुकानदार मागून हळूच म्हणाला, "काका, फार फिरू नका. तुम्ही म्हातारे. जिने चढता-उतरता. लोकांना काय, पाय घसरला म्हणतील."

ही धमकी होती की काळजी, ते काकांना रस्ता ओलांडला तरी ठरवता आलं नाही.

३

"धमकी असती तर त्यानं चहा विचारला असता," काकू म्हणाल्या. "वाईट माणसं आधी गोड बोलतात. पण मला सांगा, पान गेलं म्हणून रडताय कशाला? तुमच्या चिठ्ठ्या कुठे गेल्या?"

काका बघतच राहिले. ग्रंथालयातून निवृत्त होताना त्यांनी रद्दीत निघालेली पुस्तकसूचीची कार्डं घरी आणली होती. सभेत त्यांच्या मागच्या बाजूला कच्चं टिपून घेत आणि मग वहीत नीट उतरवत. हे काकूंखेरीज कुणाला माहीत नव्हतं, कारण काकांना त्याची लाज वाटे. पक्क्या माणसाला कच्चं लिहावं लागत नाही, असं त्यांचं मत.

शनिवारची कार्डं शर्टाच्या खिशातच होती. काकूंनी ती धुवायच्या आधी काढून फळीवर ठेवली होती.

"वाचा मोठ्यानं."

क्लबात हजेरीला फार मान. सभेचा साठ टक्के वेळ बसलं तरच हजर. म्हणून पडद्यावरून कोण कधी गेलं, कधी आलं, हे काका मिनिटासकट लिहीत. सगळे त्यांना त्यावरून चिडवत.

"साडेतीनला सुरुवात. अध्यक्षबाई आणि मी कचेरीत. पडद्यावर परदेशातल्या बाई, टेकडीच्या शाळेतून मुख्याध्यापिका, दवाखान्यातून डॉक्टर, दुकानातून दुकानदार. तीन चाळीसला डॉक्टरांनी प्रकल्पाचा अहवाल वाचला. चार वाजून दोन, दुकानदार गेले, गिऱ्हाईक आलं. चार-सहा, डॉक्टरांनी चित्र बंद केलं, पेशंट आला म्हणाले. चार-सतरा, मुख्याध्यापिका गेल्या. चार-सतरा, डॉक्टर गेले. चार-पंचवीस, दुकानदार आले. साडेचार, विषय नऊ, वायरमन गैरहजर, विषय पुढे ढकलला. चार-चव्वेचाळीस, डॉक्टर आले, वीज गेली होती म्हणाले. पाचला समाप्त."

"एवढंच?"

"एवढंच. यात कापून न्यावं असं काय आहे?"

काकू शेंगा सोलत होत्या, त्यांचा हात थांबला. "दुकानदार तेवीस मिनिटं नव्हता."

"शाळा इथून तासाच्या अंतरावर आहे गं. तेवीस मिनिटांत कसा जाऊन येईल? आणि पंचवीसला तो बोलला. मागे क्लबाचं निशाण होतं."

"निशाण तर सगळ्यांच्याच मागे असतं."

खरंच होतं. परदेशी सभेला प्रत्येकानं क्लबाचं घडीचं निशाण मागे लावूनच बसायचं, असा नियम होता. त्यामागची खोली कुणाची, हे कुणालाच दिसत नसे.

काका उठले आणि चपला शोधू लागले.

"कुठे निघालात?"

"शाळेत. दुपारची बस आहे."

"जेवून जा."

"नको. जेवलो तर धीर जाईल."

४

शाळा टेकडीमागच्या खोलगट जागेत होती. चार वर्ग, एक कचेरी, मागे अडगळीची खोली. काकांनी फोन बघितला. नेटवर्क शून्य.

"इथं मोबाइल चालतच नाही, काका," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "जे काही आहे ते त्या गच्चीवरच्या छत्रीवर."

छत्री वाकून एका तारेला लोंबत होती. कुणी अजून तिला हात लावला नव्हता. खाली, भिंतीमागे, गवत दबलेलं होतं. काका तिकडे बघू शकले नाहीत.

"बाई, शनिवारी चार-सतराला तुम्ही पडद्यावरून गेलात."

"वेळ नाही माहीत. पण चित्र गोठलं आणि त्याच क्षणी मागे धप्प झालं. मला वाटलं वाऱ्यानं पत्रा पडला." त्यांचा आवाज फुटला. "मी मशीनशी झटत बसले हो! बंद कर, चालू कर. पाच वाजून गेल्यावर बाहेर आले. तो पडताना छत्रीला धरायला गेला असणार. म्हणून नेट गेलं."

बाईंच्या जिवाला जे लागलं होतं ते काकांनी त्यांनाच बोलू दिलं.

"आणि एक सांगायचंय. आमच्या एका मुलीचा हात भाजला, तीन महिन्यांपूर्वी. टॅब फुटला तिच्या मांडीवर. डॉक्टर स्वतः आले. देवमाणूस. रोज पट्टी बदलायला येत. पण म्हणाले, कागदावर गरम पाण्यानं भाजलं असं लिहा, नाहीतर बारा शाळांचा प्रकल्प बुडेल. मी सही केली. वायरमनला हे कळलं होतं. तो म्हणाला, बाई, तुम्ही नका बोलू, तुमची नोकरी जाईल. मी बोलतो."

साडेचारच्या बसला दोघंही बसली. बाईंना वसतिगृहातल्या तयारीला जायचं होतं. बस वळणं घेत उतरत होती. काका खिडकीला डोकं टेकून कार्डांकडे बघत होते. चार-सतरा. चार-सतरा. एकाखाली एक, त्यांच्याच अक्षरातले दोन आकडे.

शाळेचं नेट गेलं म्हणून बाई गेल्या. बरोबर. पण शाळेचं नेट गेलं तर गावातल्या दवाखान्यात बसलेल्या माणसाला काय झालं?

वीज गेली होती. पण दवाखाना क्लबाच्या कचेरीसमोर, त्याच गल्लीत, त्याच तारेवर. आणि शनिवारी काकांच्या डोक्यावरचा पंखा सभाभर फिरत होता. कार्डं उडू नयेत म्हणून त्यांनी कोपर ठेवून लिहिलं होतं.

पेशंट नव्हता. वीज गेली नव्हती. डॉक्टर शाळेच्याच नेटवर होते. म्हणजे शाळेतच होते.

तेवढ्यात खिशात फोन वाजला. खालच्या वळणावर नेटवर्क आलं होतं. काकांनी घड्याळ बघितलं. शाळा सोडून पंचवीस मिनिटं. चार-सतरात पंचवीस मिळवा, गाडी काढायला दोन धरा. चार-चव्वेचाळीसला डॉक्टर पडद्यावर परत आले होते. चौदा वर्षांत एकही गैरहजेरी नाही, असा त्यांचा लौकिक होता.

काकांनी अध्यक्षबाईंना फोन लावला. बॅटऱ्या, मुली, लाकडी मजला, सगळं एका दमात सांगितलं. वायरमनचं तेवढं तोंडातून निघेना.

"टिपणकाका, तुम्ही दमलाय," अध्यक्षबाई म्हणाल्या. "उद्या पाहुणे येतायत. प्रकल्प डॉक्टरांचा आहे. डॉक्टर म्हणाले थांबा, तर थांबते. तुमच्या म्हणण्यावर नाही थांबू शकत." आणि फोन बंद.

मग काकांनी आलेला निरोप उघडला. काकूंचा होता, अर्ध्या तासापूर्वीचा.

'डॉक्टर आलेत. तुमची वाट बघत बसलेत. बोलतायत फार गोड.'

काकांनी कार्डं बाईंच्या हातात कोंबली. "बाई, पोलीस ठाण्याच्या थांब्यावर उतरा. एकाच मिनिटाला दोघं गेले, एवढंच दाखवा."

"माझी खोटी सही आहे, काका. ते आधी मलाच विचारतील."

"हो," काका म्हणाले. "विचारतील."

बाई कार्डांकडे बघत राहिल्या. काकांचा थांबा आधी आला. बाई पुढे उतरतील की नाही, ते त्यांना कळलं नाही.

५

सहाला दहा कमी होते. काकू पलंगावर बसल्या होत्या. डॉक्टर शेजारच्या खुर्चीवर, त्यांच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून. शेजारी बॅग उघडी. काकूंचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता.

"या काका," डॉक्टर हसले. "काकूंचा दाब फार वाढलाय. एक इंजेक्शन द्यावं म्हणतो."

"नको," काका म्हणाले.

"कुठे गेला होतात?"

"शाळेत."

डॉक्टरांनी रबरी फुगा दाबला. एकदा, दोनदा. पट्टा काकूंच्या दंडाला आवळला. "वहीतलं पान तर हरवलं म्हणे. मग काय बघायला गेला होतात?"

"मी कच्चं टिपण ठेवतो."

फुगा दाबणारा हात थांबला.

काका कधीच सभेत बोलले नव्हते. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेतलं. आता ते भिंतीला पाठ लावून, लहान मुलानं धडा म्हणावा तसे बोलत गेले. पत्रिका तुम्हाला शुक्रवारी मिळाली. वायरमनला थांबवायला तुम्ही शाळेत गेलात. पण अहवालही तुम्हालाच वाचायचा होता, म्हणून अडगळीच्या खोलीत निशाण लावून बसलात. चार-सहाला चित्र बंद करून गच्चीवर गेलात. चार-सतराला तो पडला आणि छत्री घेऊन पडला. तुमचा फोन खाली चालूच होता. बाई गेल्या, तुम्हीही गेलात. माझ्या वहीत दोघांची एकच वेळ पडली. तुम्हाला ते नंतर आठवलं. आणि खालचं कोरं पानही घेतलंत, कारण माझा अंगठा तुम्हीच चोळता.

"मी ढकललं नाही." डॉक्टर फार हळू बोलले. "हात धरला. त्यानं झटकला. बस्स. काका, एका मुलीचा हात भाजला. तो मी बरा केला. त्यासाठी बाराशे मुलांच्या हातातलं काढून घ्यायचं? आपल्या पोरांना दुसरं कोण देणार होतं?"

"तो पडल्यावर तुम्ही खाली गेलात?"

डॉक्टरांनी पट्ट्याची कळ सैल केली.

"डॉक्टर, तो जिवंत होता?"

पट्ट्यातून हवा बारीक आवाज करत सुटत होती. भिंतीवरचं घड्याळ सहाला पाच दाखवत होतं.

"होता," डॉक्टर म्हणाले. "मी नाडी बघितली. मग सभेला परत यायचं होतं."

काकूंनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, "डॉक्टर, माझा हात सोडा."

त्यांनी सोडला नाही. दुसरा हात बॅगेकडे गेला. काका पुढे आले आणि पलंग आणि बॅग यांच्यामध्ये उभे राहिले. खिशातून फोन काढला आणि अध्यक्षबाईंचा नंबर लावून डॉक्टरांपुढे धरला.

"कार्डं माझ्याकडे नाहीत. ती गेली. ती आता परत मिळणार नाहीत. पण सहाला अध्यक्षबाई बटण दाबणार आहेत आणि वर मुली आहेत. माझं त्या ऐकत नाहीत. माझं कुणीच ऐकत नाही. तुमचं ऐकतात."

फोन वाजत होता. पलीकडून "हॅलो, टिपणकाका, आता पुन्हा काय?" असा वैतागलेला आवाज आला.

डॉक्टरांनी काकांकडे बघितलं, काकूंकडे बघितलं. मग तो मोठा, लोकांना धीर देण्यात मुरलेला हात पुढे आला आणि फोन घेतला.

"बाई, मी बोलतोय. लावू नका. एकही लावू नका. लावले असतील तर मेन बंद करा, मुलींना आधी बाहेर मैदानात काढा आणि खोकी मग बाहेर न्या. हो, सगळी. नाही, कारण उद्या नाही, आत्ताच सांगतो. तीन महिन्यांपासून मला माहीत होतं."

पलीकडे बाई काहीतरी विचारत होत्या. डॉक्टरांनी फोन पलंगावर ठेवला, काकूंच्या दंडाचा पट्टा सोडवला आणि नीट घडी करून बॅगेत घातला. "एकशे सत्तर आहे, काकू," ते म्हणाले. "मीठ कमी करा." मग खुर्चीत बसून राहिले. काका भिंतीशी, काकू पलंगावर. फोनमधून लांब कुठेतरी मुलींच्या धावत्या पावलांचा आणि हाकांचा आवाज येत होता.

बराच वेळ गेला. मग दार वाजलं.

काकांनी कडी काढली. दारात मुख्याध्यापिका होत्या, रडून डोळे सुजलेले, आणि त्यांच्या मागे दोन पोलीस.

"उशीर झाला, काका," त्या म्हणाल्या. "आधी माझ्या सहीचं लिहून दिलं. मग तुमची कार्डं दाखवली."